आण्णांचा आवाज नेमका कुठला?

इतकी वर्षं लोकांचे आवाज नीट करून देण्याचं काम केलं. पण ज्या एका आवाजावर सगळ्यांत जास्त घाम गाळला, तो मुळात कसा होता हे मला आजही सांगता येणार नाही. धंद्यातलं काही लिहा, असं संपादकांनी म्हटल्यावर दोन-चार यशाच्या गोष्टी सांगायला मला आवडलं असतं. पण लिहायला बसलो की हीच डोक्यात येते. तेव्हा हीच सांगतो.

माझा स्टुडिओ कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानाच्या वर. दोन खोल्या. आतल्या खोलीच्या भिंतींवर कापसाच्या पातळ गाद्या टांगलेल्या आहेत. त्या माझ्या वडिलांनी शिवल्या. ते कुरुंदवाडला गाद्या भरायचे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. बी.एस्सी.ला इलेक्ट्रॉनिक्स घेतो म्हटल्यावर त्यांनी एकच विचारलं होतं, "हे शिकून रेडिओ दुरुस्त करता येतोय न्हवं?" मी हो म्हटलं आणि त्यांनी पुढे काही विचारलं नाही. स्टुडिओ काढला तेव्हा आवाज घुमू नये म्हणून लावायचा फोम मला परवडेना, तर गाद्या घेऊन ते एसटीनं आले आणि स्वतः खिळे ठोकून गेले. पुण्या-मुंबईचे कलाकार आले की आधी त्या गाद्यांना हसतात. मग एक टाळी वाजवून बघतात आणि गप्प बसतात.

टेबलावर एक लोखंडी पेटी आहे. तिला पॅरामेट्रिक इक्वलायझर म्हणतात. मुंबईतला एक जुना स्टुडिओ बंद झाला, तिथून ती आणली. जुन्या टेपरेकॉर्डरला बास आणि ट्रेबल अशी दोन बटणं असायची, ती आठवा. एकानं आवाजाचा सगळा जाडपणा एकदम वाढायचा, दुसऱ्यानं सगळा बारीकपणा. या पेटीत तसं नाही. इथं तीन-तीन नॉबचे चार गट आहेत. पहिल्या नॉबनं ठरवायचं, आवाजातल्या जाड-बारीक सुरांपैकी कुठल्या जागी हात घालायचा. दुसऱ्यानं ठरवायचं, तिथं किती वाढवायचं किंवा किती काढायचं. तिसऱ्यानं ठरवायचं, हात केवढ्या रुंदीत फिरवायचा.

कॉलेजात हे मी आकृत्या काढून शिकलो, पण कळलं ते वडिलांमुळे. जुनी गादी दुरुस्तीला आली की ते डोळे मिटून तिच्यावरून तळवा फिरवायचे. कापसाचा गोळा कुठे झालाय, तिथून किती उपसायचा, आणि आजूबाजूचा किती मोकळा करायचा. हेच तीन प्रश्न. मी गाद्या भरणार नाही म्हणून शिकायला गेलो, आणि शिकून तेच करतोय.

या पेटीत संगणक नाही, त्यामुळे ती काही लक्षात ठेवत नाही. काम झालं की नॉब कुठे होते याचा मी मोबाईलवर फोटो काढतो. दुसऱ्या दिवशी फोटोत बघून तसेच लावले तरी आवाजात एका केसाचा फरक राहतोच. हेच काम संगणकात आता सहज होतं, मग हे लोढणं कशाला, असं माझ्याकडे शिकायला येणारी मुलं विचारतात. मला हाताखाली काहीतरी लागतं. डोळे पडद्याकडे गेले की माझे कान ऐकायचं सोडून देतात.

कानांचाही भरवसा नाही म्हणा. एकदा एक शाहीर पोवाड्याचं मिक्सिंग ऐकायला आले. मिक्सिंग म्हणजे वेगवेगळे घेतलेले डफ, तुणतुणं, झीलकऱ्यांची साथ आणि मुख्य आवाज एकात एक बसवणं. शाहीर म्हणाले, "माझा आवाज जरा पोकळ येतोय की ओ." मी म्हटलं, तुम्हीच नॉब फिरवून बघा. त्यांनी तो एवढासा फिरवला. "हां! आता कसं मर्दाचा आवाज आला!" मलाही तो भरदार वाटला. मी मान डोलवली आणि मग पेटीकडे बघितलं, तर ती जोडलेलीच नव्हती. आवाज तिला वळसा घालून सरळ जात होता. शाहीर खूश होऊन गेले. मी तेच गाणं परत परत ऐकत बसलो. तो भरदारपणा आम्हा दोघांना कुठून ऐकू आला?

असा मी. माझ्याकडे एका तालमीचे वस्ताद आण्णांना घेऊन आले.

आण्णा म्हणजे आमच्या भागातल्या कुस्ती मैदानांचे निवेदक. कुठल्याही गावच्या जत्रेत मैदान भरलं की खांबांवर कर्णे चढायचे आणि त्यातून आण्णांचा आवाज सुटायचा. कोण कुठल्या तालमीचा, कुणी कुठला डाव टाकला, हे सगळं ते सांगायचे. मागं बसलेल्याला कुस्ती दिसायची नाही, ती तो आण्णांच्या आवाजातून बघायचा. लहानपणी मीही तशाच बघितल्या आहेत.

वस्ताद खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "शकीलभाई, आण्णांचा आवाज काढून ठिवायचा हाय."

"कधी काढू या?"

"आजच. पुढच्या आठवड्यात डॉक्टर काढणार हायत."

आण्णांच्या घशात गाठ होती. स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. मागे त्यांची बायको उभी होती. त्यांना सगळे मावशी म्हणत, मीही म्हणू लागलो. मावशी म्हणाल्या, "मी म्हटलं, राहू द्या की, एवढं बोललाय जन्मभर. तर न्हाय. गावच्या मैदानाची ललकारी पुढच्या साली बी माझीच पायजे म्हणत्यात."

हे ठरलेलं होतं. पन्हाळ्याच्या पायथ्याला त्यांचं गाव. तिथलं मैदान आण्णांच्या ललकारीशिवाय कधी सुरू झालं नव्हतं. पुढच्या जत्रेला ते माणूस म्हणून हजर असतील, पण आवाज नसेल. तो मी द्यायचा.

जुन्या मैदानांचे मोबाईलवरचे व्हिडिओ मी मागवून बघितले. सगळ्यांत हलगी आणि माणसांचा गलका आवाजावर बसलेला. तो वेगळा करता येईना. म्हणजे आज जे मिळेल तेच.

आण्णांना आतल्या खोलीत उभं केलं. त्यांनी हेडफोन नको म्हणून हात केला. माईक स्टँडवरून काढून मुठीत धरला, गाद्यांच्या भिंतीकडे बघितलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आणि माणसं कुठं हायत?"

मग वस्ताद आणि मावशींना समोर जमिनीवर बसवलं. तरीही आण्णांना सूर लागेना. वस्तादांनी बसल्या बसल्याच मांडीवर शड्डू ठोकला, आणि आण्णा एकदम सुटले.

"ऐका मंडळी! बसलेल्यांनी बसावं, उभ्यांनी बी बसावं, मागच्याला दिसू द्या! मैदान भरलंय, माती तयार हाय. आज ती कुणाला पाठ टेकायला लावती आन् कुणाला खांद्यावर चढवती, ते तिचं तिलाच ठावं. घुमू द्या हलगी!"

आवाजात वाळू होती. शेवटच्या शब्दाला तो फाटला. परत घेऊ या का, असं मी विचारलं. आण्णांनी मान हलवली आणि माईक माझ्या हातात दिला. त्यानंतर त्यांनी माझ्या स्टुडिओत काही बोलल्याचं मला आठवत नाही.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. जत्रा जवळ आल्यावर तिघं परत आले. आण्णांच्या गळ्यावर पातळ रुमाल होता. ते ओठ हलवून बोलायचे आणि मावशी ते मोठ्यानं सांगायच्या. सांगताना त्यात स्वतःचंही घालायच्या.

दरम्यान मी त्या रेकॉर्डिंगवर काम केलं होतं. वाळूची खरखर जिथे होती तिथला भाग बारीक रुंदीत उपसला. छातीतला जाडपणा थोडा वाढवला. वस्तादांचा शड्डू ठेवला. काढावासा वाटला नाही. माझ्या मते उत्तम काम झालं होतं. ऐकवलं.

मावशींचा हात आपसूक पदराकडे गेला. "हेच. घरात असंच बोलायचं. भाकरी वाढ म्हणताना हाच आवाज."

वस्ताद दाराकडे बघत होते. "शकीलभाई, हे कोण हायत?"

"आण्णा."

"हे? हे रेडिओवर शेतकऱ्यांना खताचं सांगणारं कोण तरी हाय."

"वस्ताद, मी ह्यांच्यासंगं संसार केलाय," मावशी म्हणाल्या.

"वयनी, तुम्ही ह्यांच्या मैदानाला आलतासा काय कधी? बाया येत्यात व्हय मैदानात? आमचं आण्णा तुमाला म्हाईतच न्हाईत."

"बरं. म्हंजे मी ह्यो माणूस निम्माच बघितलाय म्हणा की."

आण्णांनी ओठ हलवले. मावशी म्हणाल्या, "ते म्हणत्यात, भांडू नका. आणि म्हणत्यात, वस्तादाला अक्कल कमी हाय."

"तेवढं न्हाय म्हणालं ते!"

मी गोंधळलो. जी खरखर मी आजार समजून काढली, तिच्यावाचून वस्तादांना आण्णा ओळखू येत नव्हते. मावशी म्हणत होत्या, खरखर कधी नव्हतीच, ती याच वर्षी आली. आजार कुठे संपतो आणि आण्णा कुठे सुरू होतात, हे मला कोण सांगणार? आण्णांकडे बघितलं, तर त्यांनी खांदे उडवले.

मैदान भरवणार वस्ताद, तेव्हा मी त्यांच्या बाजूनं गेलो. वस्तादांनी आण्णांना ऐकलं होतं ते कर्ण्यातून. कर्णा जाड आवाज खातो, बारीकही खातो, आणि मधला पत्र्यासारखा पुढे फेकतो. मी पेटीवर तेच केलं. खालचं छाटलं, वरचं छाटलं, मधला भाग चढवत नेला. वस्ताद माझ्या खांद्याशी उभं राहून सांगत होते, "अजून. अजून जरा. हां! हे बघा आण्णा आलं!" त्यांचे डोळे भरले. मलाही लहानपणीचं मैदान आठवलं. मी नॉबचा फोटो काढला आणि मास्टर करून ठेवला. मास्टरिंग म्हणजे शेवटचा हात फिरवून आवाज असा करणं, की जिथे वाजायचा आहे तिथे तो नीट वाजावा.

जिथे वाजायचा आहे तिथे. हे वाक्य मी पोरांना शिकवतो.

मैदानाच्या दिवशी सकाळीच मी गावात पोचलो. मातीत ताक, हळद, लिंबू कालवून झालं होतं. एक म्हातारे पैलवान खोऱ्यानं माती उकरत होते. खांबांवर कर्णे चढले होते. आण्णा स्टेजवर खुर्चीत बसले होते. मावशी या वेळी वस्तादांचं न ऐकता आल्या होत्या आणि स्टेजच्या मागे चादर टाकून बसल्या होत्या. मी लॅपटॉप जोडला आणि म्हटलं, एकदा वाजवून बघू.

कर्ण्यातून जे आलं ते ऐकून झाडावरचे कावळे उडाले. किरकिर, चिरचिर, आणि त्यात कुठेतरी माणूस.

"कर्ण्याला डास चावला काय ओ?" माती उकरणारे म्हातारे ओरडले.

वस्ताद धावत आले. "हे काय? हे आण्णा न्हवंत!"

"वस्ताद, तुम्हीच पास केलंय की."

"तवा हुतं. आता न्हाईत!"

क्षणभर मलाही कळेना. मग कळलं आणि कान तापले. स्टुडिओतल्या चांगल्या स्पीकरवर मी पेटीतून एक कर्णा तयार केला होता, आणि तो आता खऱ्या कर्ण्यातून वाजवत होतो. कर्ण्याला कर्णा. शिकलेला माणूस असं करतो! पेटी कोल्हापुरात, आणि माणसं यायला सुरुवात झालेली. लॅपटॉपवर त्याखेरीज होतं ते फक्त पहिल्या दिवशीचं कच्चं रेकॉर्डिंग, ज्याला मी नॉबचा स्पर्शही केला नव्हता. फाटलेलं, वाळू भरलेलं. तेच लावलं.

शड्डू घुमला. आणि मग, "ऐका मंडळी!"

म्हाताऱ्यांच्या हातातलं खोरं थांबलं. ते स्टेजकडे वळून ओरडले, "आण्णा! अवो, आवाज आला व्हय तुमचा!"

आण्णा तोंड मिटून खुर्चीत बसले होते.

वाळू कुठे गेली ते मला ऐकूच आलं नाही. कर्ण्याची स्वतःची खरखर एवढी असते, की आण्णांची तिच्यात मिसळून गेली. कदाचित अशीच ती कित्येक मैदानं मिसळत आली असेल आणि कुणाला कळलं नसेल. ते मी त्या दिवशी कुणाला बोललो नाही.

दुपारी मैदान भरलं आणि ललकारी झाली. लोक उठून उभे राहिले. बसा म्हणून सांगणाऱ्याचंच कुणी ऐकलं नाही. वस्तादांनी मला सगळ्यांसमोर फेटा बांधला, "कोल्हापूरचं इंजिनिअर" म्हणून. मी पेटीवर केलेल्या कामातलं काहीही तिथे वाजलं नव्हतं. नको नको म्हणत होतो, पण हलगीपुढे माझं कोण ऐकणार?

माझं लक्ष आण्णांकडे होतं. सगळे त्यांच्याकडे बघून टाळ्या वाजवत होते आणि ते मान वर करून कर्ण्याकडे बघत होते. एखादा पावणा ओळख दाखवतो आणि आपल्याला त्याचं नाव आठवत नाही, तसे. आजवर कर्ण्यातून आवाज सुटला तो त्यांच्या गळ्यातून सुटतानाच. नुसता कर्णा त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

त्यांनी मावशींना खुणेनं बोलावून ओठ हलवले. मावशी माझ्याकडे आल्या. "ते म्हणत्यात, समद्यांनी ओळखलं. मग मलाच का ओळखंना?"

जत्रेनंतर एका दुपारी दोघंच स्टुडिओत आले. मावशी म्हणाल्या, "ती बटणं त्यांना स्वतः फिरवायची हायत. काय करणार हायत, मला ठाऊक न्हाय. सांगंनात."

मी कच्चं रेकॉर्डिंग लावलं, पेटी जोडलेली आहे ना ते दोनदा बघितलं, आणि आण्णांना नॉब समजावून सांगितले. कुठे, किती, केवढ्या रुंदीत. मावशी चहा सांगायला खाली गेल्या.

आण्णांनी खालचा जाड भाग वाढवला. अजून वाढवला. मग वरचं सगळं काढत गेले. मी "आण्णा, उलटं होतंय" असं म्हणालोसुद्धा. आवाज रजईत तोंड घालून बोलल्यासारखा झाला. कुठल्याही गिऱ्हाइकानं मला असं काम परत केलं असतं. त्यांनी माझ्याकडे बघून दोन्ही तळव्यांनी कान झाकले, मग डोक्यावर बोट आपटलं. मला काही कळेना. ते परत नॉबकडे वळले. मधला भाग थोडा आत, थोडा बाहेर. रेकॉर्डिंग फिरून फिरून वाजत होतं. आणि मग त्यांचे ओठ हलायला लागले, वाजणाऱ्या शब्दांबरोबर. बसलेल्यांनी बसावं. उभ्यांनी बी बसावं. एका ठिकाणी त्यांनी नॉबवरचा हात काढून घेतला आणि डोळे मिटून अख्खी ललकारी आवाजाशिवाय म्हटली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आपला आवाज इतरांना हवेतून ऐकू येतो. आपल्याला तो आपल्या हाडांतूनही येतो, म्हणून जाड येतो, आतून येतो. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. माझ्यासमोर जो वाजत होता, तो आण्णांनी जन्मभर ऐकलेला त्यांचा आवाज होता, आणि तो जगात दुसऱ्या कुणी कधी ऐकला नव्हता. म्हणजे मला तसं वाटतं. खात्री कशी करणार? ताडून बघायला तो आवाजच आता नव्हता, आणि असता तरी माझ्या कानांना तो हवेतूनच आला असता.

दार उघडून मावशी आत आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. "ह्यो कुणाचा आवाज?"

आण्णांनी छातीवर हात ठेवला. मावशी मला म्हणाल्या, "खोटं सांगत्यात." आण्णा हसले. हसण्यालाही आवाज नव्हता, खांदे तेवढे हलले.

"उतरवून देऊ का आण्णा?" मी विचारलं.

त्यांनी नको म्हणून मान हलवली. मी मोबाईल काढेपर्यंत त्यांनी एकेक करून सगळे नॉब मध्यावर आणून ठेवले, आणि गळ्यावरचा रुमाल नीट करून ते उठले.

मावशी दारातून हलल्या नाहीत. "बसा," त्या म्हणाल्या. "मला परत ऐकायचाय."

आण्णांनी नॉबकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी हात वर केले; कुठला कुठे होता हे मला खरंच सांगता येत नव्हतं. ते परत बसले. मावशींनी स्टूल ओढून त्यांच्या शेजारी घेतलं. आण्णांनी जाड भाग वाढवला, वरचा काढला. मावशी डोळे मिटून ऐकत होत्या, जणू हा आवाज त्यांच्या ओळखीचाच आहे.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "ह्यो न्हवं. अजून जरा खाली घ्या."